तपकिरी ठिपका

चौथ्या टाकीवर ताडपत्री ओढली, तिचे कोपरे विटांनी दाबले, आणि उरलेल्या फटीतून दोघी बहिणींनी आत डोकं खुपसलं. बाहेर सकाळचे आठ वाजले होते, उन्हाने पत्रे तापायला लागले होते. ताडपत्रीखाली मात्र मिट्ट काळोख. डोळे सरावेपर्यंत शंभर आकडे मोजायचे, हा ताईचा नियम. धाकटी साठावर आली नाही तोच ताई म्हणाली, "मोजू नकोस. आलंय."

पाणी उजळलं होतं. हिरवट, निळसर, विझत्या राखेतल्या निखाऱ्यावर कुणी हळूच फुंकर घालावी तसं. हवेचे बुडबुडे वर येत होते तिथे उजेड जास्त होता, आणि त्या उजेडातून एकेक ठिणगी खाली, तळाकडे निघाली होती. ती प्रत्येक ठिणगी म्हणजे कोळंबीचं एक पिल्लू होतं.

"किती सुंदर दिसतं गं," धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

"काळ कधी कुरूप होऊन येतो का," ताई म्हणाली आणि डोकं बाहेर काढून तिने हाक मारली, "अहो, ब्लीच आणा! चौथी गेली."

पाण्यात राहणारा, अंधारात चमकणारा तो जंतू या धंद्यातल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पिल्लांच्या पोटात शिरतो, त्यांची भूक मारतो आणि दोन दिवसांत टाकीच्या टाकी तळाला निजवतो. एका टाकीतून दुसरीत जायला त्याला एक ओली जाळी पुरते, एक न धुतलेला हात पुरतो.

आणि या वेळच्या दहा टाक्या म्हणजे नेहमीच्या दहा टाक्या नव्हत्या. चार वर्षांपूर्वी रोगाची साथ आली तेव्हा आसपासची सगळी तळी ओस पडली होती. एकाच तळ्यात थोड्या कोळंब्या तगून राहिल्या. ताईने त्या ओंजळीओंजळीने उचलून आणल्या, वाढवल्या, त्यांची पोरं वाढवली, त्या पोरींच्या आया केल्या. साथीला पुरून उरलेलं ते रक्त. या हंगामात त्या आयांनी अंडी टाकली आणि अंगातलं सगळं देऊन झाल्यासारख्या एकेक करून निघून गेल्या. आता त्या वंशाचं जगात जे काही होतं ते या दहा टाक्यांत होतं. तिळाएवढं, पारदर्शक, चार वेळा रूप पालटल्याशिवाय कोळंबी न होणारं.

ब्लीचचं पिंप ढकलत दाजी आले. ताईचा नवरा तो. माणूस उंच, आवाज त्याहून उंच, आणि जीभ जागेवर राहणं ठाऊक नाही. आज तेही गप्पच होते. पिंप चौथीत ओतलं तेव्हा पाण्यातला उजेड एकदाच थरथरला आणि विझला. त्या उजेडाबरोबर अजून पोहत असलेली पिल्लंही विझली.

"औषधवाल्याला फोन लावू का?" दाजींनी विचारलं.

"काय उपयोग? दोन वर्षं ओतलं ना ते. आता औषध दिसलं की ते जंतू पाहुणा आल्यासारखे उठून बसतात, असं तुम्हीच म्हणता."

"म्हणतो खरं."

"मग?" ताई धाकटीकडे वळली. "तुझं विरजण काय करतंय? झोपलंय की काय?"

विरजण म्हणजे धाकटीच्या खोलीतल्या बरण्या. औषध निकामी झालं तेव्हा प्रयोगशाळेतल्या एक बाई येऊन गेल्या होत्या. त्यांनी एका टाकीच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर काडीने खरवडून नेला आणि महिन्याभराने त्यातूनच शोधलेला एक जंतू काचेच्या नळीत घालून परत आणला. हा जंतू आपल्या अंगातून एक द्रव्य सोडतो, म्हणाल्या. ते द्रव्य जिथवर पसरेल तिथवर त्या चमकणाऱ्याला पाय ठेवता येत नाही. कोळंबीला त्याचं काही नाही. माणसं कुंपण घालतात, कुत्री भुंकतात. या एवढ्याशा जिवांनी ही रीत काढली आहे. वाढवा, टाकीत सोडा आणि सांभाळा.

सांभाळायचं काम धाकटीकडे आलं, कारण सांभाळावं तर तिनेच. लहानपणी ती तांदूळ निवडायला बसली की खडा काय, तुटका दाणासुद्धा ताटात राहत नसे. दाजी तिला टापटीपबाई म्हणत. तिच्या खोलीत पाय पुसल्याशिवाय वाराही येत नाही, अशी त्यांची थट्टा. दर सोमवारी ती काचेच्या नव्या प्लेटवर जंतू पसरायची, दोन दिवसांनी त्यावर ठिपक्यांसारख्या वसाहती उगवायच्या, त्यातली एक चांगली बघून सुईने उचलायची आणि तिच्यापासून नवी बरणी लावायची. तीन वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता.

"झोपायला ते काय तुमच्यासारखं आहे का, दाजी?" धाकटी उसनं हसली. "आज दुप्पट सोडू सगळ्या टाक्यांत. आणि मी प्लेटवर कुस्ती लावून बघते. उद्या सकाळी कळेल कोण कुणाला भारी आहे ते."

कुस्ती म्हणजे अशी: चौथीतली मेलेली पिल्लं कुटून त्यांतला चमकणारा जंतू प्लेटभर सारवायचा आणि त्या सारवणावर विरजणाचे ठिपके द्यायचे. तिने बारा जागा आखल्या. गेल्या सोमवारच्या प्लेटवरून बारा वसाहती निवडायच्या होत्या. एकेक निरखून, पांढरी, गोल, कडा गुळगुळीत अशी बघून ती सुईने उचलत होती. अकरा झाल्या आणि बाहेरून ताईची हाक आली, "धाकटे! पाचवीकडे ये, लवकर!" तिने घाईघाईत प्लेटच्या कडेला सुई टेकवली, सुईला काय लागलं ते न बघता बारावा ठिपका दिला, झाकण लावलं आणि धावली.

पाचवीही उजळली होती.

*

मंगळवारी सकाळी सहावी गेली. आता सात उरल्या. धाकटीने कपाटातून प्लेट काढली, खोलीचं दार लावलं, खिडकीवर काळा कपडा ओढला आणि शंभर मोजले.

अंधारात प्लेट पौर्णिमेच्या चंद्रासारखी तेजाळली. भरगच्च, एकसारखा, हिरवा उजेड. त्यात तिने बारा काळी वर्तुळं शोधायला सुरुवात केली, कारण जिथे विरजण असेल तिथे चमक मेलेली असायला हवी. पहिला ठिपका: उजेड अगदी त्याच्या अंगाला अंग लावून. दुसरा: तसंच. तिसरा, चौथा, पाचवा. मध्ये भिंत नसल्यासारखे दोघं एकमेकांत मिसळलेले. ती बोटाने एकेक मोजत अकरापर्यंत गेली.

बाराव्याभोवती काळोख होता. बोट टेकवलं तर बोटभर रुंद, गोल, कोरलेला काळोख. त्याच्या काठावर येऊन उजेड थबकला होता.

तिने कपडा बाजूला केला. उन्हात अकरा ठिपके मोत्यासारखे दिसले. बारावा तपकिरी होता, चहाचा थेंब सांडून वाळावा तसा, कडाही वेड्यावाकड्या. त्याच्याभोवती काच स्वच्छ.

धाकटी स्टुलावर बसली. मग हळूहळू, एखादी गोष्ट कळू नये म्हणून मन किती पळतं तेवढं पळून झाल्यावर, तिला कळलं. असले तपकिरी ठिपके तिने शेकड्यांनी पाहिले होते. पहिल्या वर्षी प्लेटवर सगळे तसेच असायचे आणि पांढरे थोडे. तिला वाटलं, हे डाग आहेत. कुठून तरी घाण येते आहे. तिने पांढरा निवडला. पुढच्या सोमवारी पांढरे वाढले, तिला आनंद झाला: हात सुधारला आपला. तिसऱ्या वर्षी प्लेटवर शंभरात दोन-तीन तपकिरी उरले, तेही कडेला. त्यांच्यावर ती पेनने फुली मारायची.

तिने बाईंना फोन लावला.

"रंग कसा आहे तुमच्या वाढीचा?" बाईंनी विचारलं.

"पांढरा. अगदी स्वच्छ."

"मी दिला होता तेव्हा तो चहासारखा होता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओरडल्यासारखा नव्हता, आणि तेच वाईट होतं. "ते द्रव्य बनवायला जंतूला कष्ट पडतात हो. दर पिढीत काही अंगचोर निघतात. कष्ट नाहीत म्हणून ते भराभर वाढतात, गोलगरगरीत दिसतात. टाकीच्या भिंतीवर त्यांचा निभाव लागत नाही, तिथे शत्रू शेजारी असतो. पण प्लेटवर शत्रू कुठला? तिथे जे आपण निवडू ते. मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, रंग गेला की कुणीही विचारेल."

"तुमच्याकडे मूळचा असेल ना?"

"फ्रीजरमध्ये आहे. पण आज पाठवला तरी तुमच्या हातात पडेपर्यंत शनिवार."

शनिवारपर्यंत टाक्या धुऊन वाळलेल्या असत्या.

"तपकिरी एक तरी राहिला आहे का?" बाईंनी विचारलं.

"एक इथे आहे. गेल्या सोमवारच्या प्लेटवर फुली मारलेले तीन."

"मग तेच वाढवा. हवा सोडू नका, ढवळू नका, स्थिर पाण्यात त्याला कस चढतो. उद्या संध्याकाळी वापरण्याजोगं होईल. आणि ते पांढरं टाकीत घालणं आत्ताच्या आत्ता थांबवा. ते औषध नाही आता. उलट सडेल, आणि चमकणाऱ्यालाच खाऊ होईल."

धाकटीने तो बारावा आणि फुल्यांखालचे तीन, असे चार तपकिरी ठिपके उचलले. प्रत्येक ठिपक्याआधी तिने सुई दिव्यावर धरली. उकळून गार केलेल्या खाऱ्या रसाच्या दोन बरण्यांत ते सोडले. झाकणं लावली. मग ती सांगायला निघाली.

हॉलमध्ये ताई सातव्या टाकीवर वाकली होती. तिच्या हातात विरजणाचा मग होता, पांढरट पाणी धार धरून टाकीत पडत होतं आणि ताई गुणगुणत होती. टाक्यांवर काम करताना ती असंच काहीतरी स्वतःशी जुळवत राहायची.

पाण्याच्या पाळण्यात, बाळ तिळाहून सान,
डोळ्यांत तेल घाली माय, हलू देईना पान.

धाकटीची चाहूल लागून तिने मान वर केली. दोन दिवसांत तिचा चेहरा ओढला गेला होता. "बघ, सातवी कशी तरतरीत आहे," ती म्हणाली. "प्रत्येकाच्या शेपटीमागे विष्ठेचा धागा आहे, म्हणजे खातायत. कालच्या दुप्पट मात्रेने धरलंय बघ यांना. तुझं विरजण नसतं ना धाकटे, तर दहाच्या दहा कालच गेल्या असत्या."

धाकटीने तोंड उघडलं. शब्द ओठांवर आले होते. पण ताईच्या चेहऱ्यावर त्या घडीला जे होतं, ते तिने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. भरवसा होता तो, आणि तो तिच्यावर होता.

"हो," ती म्हणाली. "मी... नवीन बरण्या लावल्यात."

"शाबास. तोवर हे सगळं संपवते मी."

आणि धाकटी आपल्या खोलीत परत आली. तिने टेबल पुसलं. पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. जेवणानंतर सांगू, तिने मनाला समजावलं. दाजी नसताना सांगू. नवं विरजण हाताशी आलं की त्याच्यासकट सांगू, म्हणजे वाईट बातमीच्या पाठीवर बरी बातमी बसवून नेता येईल. भिंतीपलीकडे विरजणाचा मग टाकीच्या कडेवर आपटल्याचा आवाज येत राहिला. आठवी. नववी. दहावी. प्रत्येक आवाजाला तिचा खांदा आक्रसत होता.

दुपारी एकला ताईची हाक आली. तीत धार नव्हती, नुसता थकवा होता. "सातवी."

धाकटी गेली. ताडपत्रीची गरजच नव्हती. सकाळी तरतरीत असलेली पिल्लं तळाला पांढऱ्या भुशासारखी साचली होती. जी वर होती त्यांच्या शेपट्यांमागचे धागे तुटले होते. दाजींनी पिंप तिरपं केलं.

"पुरे," धाकटी म्हणाली. "ताई, विरजण घालणं थांबव."

"का?"

"ते मेलेलं आहे. म्हणजे जिवंत आहे, पण त्यात काही नाही. गेली दोन वर्षं नसेल." आणि मग बांध फुटल्यासारखं तिने सगळं सांगितलं: पांढरे, तपकिरी, फुल्या, अकरा ठिपके, बारावा, बाईंचा फोन. सांगताना ती ताईकडे नाही, ताईच्या हातातल्या मगाकडे बघत होती.

ताईने हातातला मग खाली ठेवला. "तू निवडत होतीस," ती हळू म्हणाली. "निवडून निवडून फेकत होतीस."

"मला ती घाण वाटली गं."

"तांदूळ आहे का तो?" दाजींच्या तोंडून निघालं, आणि दोघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पिंपाचं झाकण उगाचच लावलं, उगाचच काढलं.

"हे तुला कधी कळलं?" ताईने विचारलं.

धाकटीने नजर मगावरून टाकीच्या कडेकडे नेली.

"कधी कळलं, धाकटे?"

"सकाळी. साडेआठला."

"साडेआठला," ताई म्हणाली. तिने सातव्या टाकीकडे पाहिलं. "साडेआठला ही चांगली होती. तू आलीस, माझ्यासमोर उभी राहिलीस आणि हो म्हणालीस. मी तुझ्यादेखत हिच्यात सड ओतत होते." तिचा आवाज चढला नाही. "विरजण चुकलं ते मी समजू शकते. कुणालाही गोरंगोमटं आवडतं. पण सकाळ कुठे गेली, ते सांग मला. साडेआठ ते एक."

"घाबरले."

"मला?"

"तुझ्या शाबासकीला."

ताईने दंडाने कपाळ पुसलं. "रडायचं असेल तर खोलीत जा. नाहीतर हात धू आणि ये. सहा टाक्यांचं अर्धं पाणी बदलायचं आहे, तुझं ते दूध बाहेर काढायचं आहे."

धाकटीने हात धुतले.

*

बुधवार उजाडला तो तिसरी, आठवी आणि दहावी घेऊन. तीन पिंपं रिकामी झाली. उरली पहिली, दुसरी आणि नववी.

धाकटी दर तासाला बरण्यांचा रंग तपासत होती. हलवायचं नव्हतं म्हणून बरणी न उचलता, मागे आरसा धरून ती बघायची. सकाळी नऊला पाणी नुसतं गढूळ. बाराला पृष्ठभागावर साईसारखा पातळ पापुद्रा. तीनला त्या सायीत तपकिरी झाक. तिला आजवर ज्याची किळस वाटायची तो रंग यावा म्हणून ती आता नवस बोलायची बाकी होती. पाचला दोन्ही बरण्या चहासारख्या झाल्या. तिने एक थेंब मायक्रोस्कोपखाली पाहिला: फुलांच्या गुच्छासारखे एकमेकांना धरून बसलेले जंतू. बाईंनी सांगितलं होतं, असे गुच्छ दिसले की समजा ते कामाला लागले.

पण बरण्या दोनच होत्या. ती मापाचा हिशोब तीनदा करून हॉलमध्ये गेली.

"दोन टाक्यांना पुरेल," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, अमुक इतकं दाट असेल तरच. त्याच्या खाली ते द्रव्य बनतच नाही. पुरेसे शेजारी जमले की मगच ते बनवायला लागतात."

"आणि तिघींत वाटलं तर?" दाजींनी विचारलं. नववी त्यांची होती. खाणं घालायचे ते तिला, बोलायचेही तिच्याशी.

"तर कदाचित तिन्ही जातील."

"कदाचित म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही, दाजी."

दोघंही ताईकडे बघायला लागले. ताईने धाकटीकडे बघितलं. "मी नाही सांगणार. विरजण तुझं. तूच सांग, आणि आत्ता सांग."

आदल्या दिवशी एका टाकीपुरतं गप्प राहिलेली ती, आज तिलाच एका टाकीचं नाव मोठ्याने घ्यायचं होतं. तिने तिन्ही टाक्यांतलं पाणी बीकरमध्ये घेऊन उजेडात धरलं. पहिलीतली पिल्लं लहान होती पण प्रत्येकाचा धागा लांब. दुसरीतली तशीच. नववीतली सगळ्यांत मोठी, देखणी, नजर लागावी अशी. पण दहातल्या तिघांचे धागे आखूड. तिने पुन्हा बघितलं. तिला नववी वाचवावीशी वाटत होती, इतकी ती देखणी होती.

"पहिली आणि दुसरी," ती म्हणाली.

"नववीत काय खोट आहे?" दाजी म्हणाले. "बघ की किती..."

"दिसायला काही नाही. तिचे धागे तुटायला लागलेत. माफ करा, दाजी."

दाजींनी बीकर हातात घेतला, बराच वेळ धरला आणि परत दिला. "मग नववीला मीच राहतो," ते म्हणाले. "तुम्ही दोघी तिकडून हलू नका, मी इकडून. वेगळी जाळी, वेगळी बादली, वेगळा नवरा."

ताईला हसू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. तिने ते लगेच पुसलं.

धाकटीने तपकिरी पाणी पहिलीत सोडलं. ते टाकीच्या स्वच्छ पाण्यात डागासारखं पसरलं आणि तिच्या बोटांना आपोआप फडकं उचलावंसं वाटलं. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले.

गुरुवारी सकाळी ताडपत्रीखाली शंभर मोजले. पहिलीत पाच-सहा ठिणग्या. दुसरीत तीन. ताई पिंपाच्या झाकणावर हात ठेवून होती. "दुपारी पुन्हा बघू," म्हणाली. दुपारी पहिलीत तेवढ्याच. वाढल्या नव्हत्या. एरवी सकाळची एक ठिणगी दुपारी हजार होते; इथे पाचच्या पाच. धाकटी टाकीची कड धरून उभी राहिली, इतकी घट्ट की बोटांवर कडेची रेघ उमटली. हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून दाजी ओरडले, "काय म्हणतात तुमच्या पोरी?"

"गप्प आहेत."

"माझ्या बडबड करायला लागल्यात. चमकतायत."

"किती?" ताईने विचारलं.

"मोजायच्या पलीकडे गेल्या."

ताई तिकडे निघाली आणि मध्येच थांबली; जायचं नाही, असं ठरलं होतं. दोघी लांबून बघत राहिल्या. दाजींनी एकट्यानेच पिंप ओढलं, एकट्यानेच तिरपं केलं. काम झाल्यावरही ते नववीपाशी उभे होते, हात बाजूला सोडून, आणि या अंतरावरून त्यांचा चेहरा दिसत नव्हता ते बरं होतं.

शुक्रवारी पहिलीत एक ठिणगी. दुसरीत शंभर मोजले, दीडशे मोजले, काहीच नाही. धाकटीने हनुवटी पाण्याला लागेल इतकी मान खाली घातली आणि दोनशे मोजले. नुसता अंधार, जाड, मऊ, कशाचाही न चमकणारा. तिला त्या अंधारात घर करून राहावंसं वाटलं.

शनिवारी सकाळी ताईने दुसरीतून बीकरभर पाणी घेतलं आणि खिडकीशी नेलं. "धाकटे, इकडे ये."

पिल्लांनी रूप पालटलं होतं. आता ती डोकं खाली करून पाण्यात उलटी लटकत होती आणि शेपटीचा एक झटका देऊन मागच्या मागे उडत होती. बघणाऱ्याला वाटावं यांचं काहीतरी बिघडलंय. पण या वयाची कोळंबी अशीच पोहते. धड असेल तरच अशी पोहते. एक, दोन, पाच, पंधरा. सगळी उलटी, सगळी धडधाकट.

"दोन टाक्या," ताई म्हणाली. "दहातल्या दोन. पण आया होतील यांतून. चाळीस झाल्या तरी वंश राहिला." ती बीकरमधून नजर न काढता बोलत होती. "सातवी मी विसरणार नाही. तुला बोलणार नाही रोज, पण विसरणारही नाही. ते तुला माहीत असलेलं बरं."

"माहीत आहे."

"सोमवारी प्लेट काढशील तेव्हा मी शेजारी बसणार. प्रत्येक ठिपका आधी चमकणाऱ्याच्या अंगावर घालायचा. जो काळोख पाडेल तोच घ्यायचा, मग तो कसाही दिसो. एकटीने डोळ्यांनी निवडायचं नाही."

"बरं."

"आणि तुझ्या त्या खोलीतली एक भिंत पुसू नकोस. असू दे, काय चढायचं ते चढू दे तिच्यावर."

धाकटी काही बोलणार तोच दार ढकलून दाजी आत आले, ओल्या पायांनी, न पुसता. तिने त्या पावलांकडे पाहिलं, मग मान वळवली. दाजींनी बीकर घेतला, खिडकीसमोर धरला आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

"ही बघ, ही बघ कशी उडी मारली मागे," ते म्हणाले. "अगं, ही आपल्या धाकटीवर गेली. सगळं उलटं करते आणि वर जगतेही."

"बीकर हलवू नका," ताई म्हणाली. "द्या तो तिच्याकडे. खाणं घालायची वेळ झाली."

धाकटीने बीकर दोन्ही हातांत धरला आणि दुसऱ्या टाकीपाशी जाऊन, पाण्याला पाणी लागेल इतका खाली वाकवून, त्या पंधराही जणींना परत आत सोडलं.